काडतूस का अडकते? .२२ स्पर्धा-पिस्तुलातील बिघाडांचा माग

पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तूल या नेमबाजी प्रकारात प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस नेमबाजाला पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडण्यासाठी अवघे चार सेकंद मिळतात. अशा वेळी तिसरे काडतूस नळीच्या तोंडाशी तिरके होऊन अडकले, तर वर्षभराची मेहनत त्या क्षणी कामाला येत नाही. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातील वेगवान टप्प्यातही प्रत्येक गोळीसाठी तीनच सेकंद असतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकले ते शूट-ऑफपर्यंत ताणल्या गेलेल्या लढतीनंतर. इतक्या निसटत्या फरकाच्या खेळात पिस्तुलाने दगा न देणे ही नेमबाजाच्या कौशल्याइतकीच महत्त्वाची बाब ठरते.

काडतूस अडकले की नवखा नेमबाज सहसा पिस्तुलाला दोष देतो आणि एकाच दमात सारे काही बदलून पाहतो. अनुभवी प्रशिक्षक मात्र आधी काडतूस नेमके कोणत्या टप्प्यावर अडले, हे विचारतात. बिघाडाचे उत्तर बहुधा याच प्रश्नात दडलेले असते.

काडतुसाचा स्वभाव

या पिस्तुलांत वापरले जाणारे .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासून प्रचारात आहे. ते रिमफायर जातीचे. पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली जी कड असते, तिच्या पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आघात करते. संपूर्ण काडतुसाची लांबी सुमारे २५ मिलिमीटर, तर गोळीचे वजन साधारण २.६ ग्रॅम.

या रचनेतूनच तीन अडचणी जन्माला येतात. पहिली, बाहेर आलेल्या कडा मॅगझिनमध्ये एकमेकींत अडकू शकतात. दुसरी, गोळी मऊ शिशाची असल्याने तिचे टोक जरा आपटले तरी चेपते. तिसरी, गोळीचा दर्शनी भाग पुंगळीइतक्याच जाडीचा असून त्यावर मेणासारख्या वंगणाचा थर उघडाच असतो. तो चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्ये चिकटत राहतो.

बहुतेक स्पर्धा-पिस्तुलांची यंत्रणा साधी असते. गोळीला पुढे ढकलणारा वायूचा दाबच पुंगळीमार्फत बोल्टला मागे रेटतो. मागे जाताना बोल्ट रिकामी पुंगळी खेचून बाहेर फेकतो आणि परतताना मॅगझिनमधील वरचे काडतूस पुढे सारून चेंबरमध्ये बसवतो. स्पर्धेची काडतुसे धक्का कमी बसावा म्हणून मुद्दाम सौम्य ठेवलेली असतात. त्यामुळे यंत्रणेकडे जादा ताकद फारशी नसते. थोडा मळ किंवा थोडे घर्षण वाढले, तरी हे चक्र अपुरे राहते.

खूण ओळखावी

बिघाड पाहताना सुरक्षिततेचा क्रम कधीही मोडता कामा नये. नळी लक्ष्याच्या दिशेने, बोट चापापासून दूर, आधी मॅगझिन बाहेर आणि मगच बोल्ट मागे. मात्र बोल्ट मागे घेण्यापूर्वी काडतुसाची स्थिती डोळ्यांनी टिपून ठेवावी, कारण एकदा ते खाली पडले की पुरावा नाहीसा होतो.

चेंबर रिकामे आणि काडतुसे मॅगझिनमध्ये तशीच असतील, तर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही किंवा काडतूस वेळेत वर आले नाही. काडतुसाचे टोक वर अथवा खाली आपटून चेपले असेल, तर संशय मॅगझिनच्या ओठांवर, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन पट्ट्यांवर घ्यावा. रिकामी पुंगळी बोल्टच्या फटीत उभी अडकली असेल, तर ती बाहेर फेकण्याचे काम अर्धवट झाले आहे. पुंगळी चेंबरमध्येच राहिली असेल, तर चेंबर मळलेले आहे किंवा पुंगळी खेचणारी आकडी नीट पकड घेत नाही. बोल्ट शेवटचे एक-दोन मिलिमीटर बंद होत नसेल, तर चेंबरमध्ये मेण, काजळी वा शिसे साचले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बोल्ट अंगठ्याने दाबून बंद करण्याचा मोह टाळावा. मसाला कडेतच असल्यामुळे ती चिरडली गेली, तर काडतूस तिथेच पेटू शकते.

पहिला संशय मॅगझिनवर

प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बिघाड एकाच क्रमांकाच्या मॅगझिनने होत असेल, तर पिस्तूल निर्दोष ठरते आणि शोध तिथेच संपतो. एखादी पट्टी मॅगझिन खाली पडून वाकली असेल, तर काडतूस चुकीच्या कोनात वर येते. पहिलेच काडतूस वारंवार अडत असेल, तर बोल्ट हाताने धरून हळूहळू सोडला जात नाही ना, हे पाहावे. तो पूर्ण मागे खेचून मोकळा सोडायचा असतो. शेवटचे काडतूस अडत असेल, तर मॅगझिनची स्प्रिंग थकलेली असू शकते किंवा काडतुसांना वर ढकलणारा तुकडा मळाने घासत असतो.

भरण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. मॅगझिनमधील वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती मागे राहिली, तर वरचे काडतूस पुढे सरकताना खालच्याला अडते. म्हणून काडतुसे एकेक करून, कडा तपासत, घाई न करता भरावीत.

मळ, वंगण आणि पावसाळा

सरावाच्या सुरुवातीला पिस्तूल सुरळीत चालते आणि शे-दोनशे गोळ्यांनंतर अडू लागते, असा अनुभव आला तर कारण जवळजवळ निश्चितपणे मळ असते. चेंबर, बोल्टचा दर्शनी भाग, पुंगळी खेचणाऱ्या आकडीची खाच आणि मॅगझिनचा आतला भाग या चार जागा आधी पाहाव्यात. आकडीच्या खाचेत साचलेला काजळीचा कण बारीक लाकडी काडीने निघतो. नायलॉन किंवा पितळी ब्रश चालतो. पोलादी तारांचा ब्रश वापरू नये.

याच्या उलट, साफसफाईनंतर लगेच पिस्तूल अडू लागले तर वंगण जास्त झाले आहे. बोल्टच्या सरकत्या कडांना एखादा थेंब पुरतो. चेंबर आणि मॅगझिन कोरडेच असावे, कारण तेथे साचलेले तेल काजळीला धरून ठेवते आणि तिचा चिकट लगदा होतो. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात पावसाळ्यातील दमट, खारट हवा ही आणखी एक अडचण. पेटीतील मऊ स्पंज ओल शोषून घेतो, म्हणून सराव संपल्यावर पिस्तूल त्यातच दिवसचे दिवस पडू देऊ नये. काडतुसे ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

काडतूस बदलून पाहताना

एका पिस्तुलात उत्तम चालणारे काडतूस दुसऱ्यात अडते, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गोळीच्या टोकाचा आकार, वंगणाचा प्रकार आणि दारूचा जोर यांत उत्पादकागणिक फरक असतो. एकाच उत्पादकाच्या दोन खेपांतही तो आढळतो. म्हणून स्पर्धेसाठी एकाच खेपेची काडतुसे राखून ठेवणे शहाणपणाचे.

चाप ओढल्यावर नुसताच टक असा आवाज झाला आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरानेही पेटू शकते. त्यानंतर कडेवरील पिनची खूण पाहावी. ती खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर फायरिंग पिन, तिची स्प्रिंग किंवा पूर्ण बंद न झालेला बोल्ट यांकडे लक्ष द्यावे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्या मागून दुसरी झाडणे धोक्याचे आहे.

हात आणि हत्यार

तेच पिस्तूल, तेच मॅगझिन आणि तीच काडतुसे दुसऱ्या नेमबाजाच्या हातात बिनबोभाट चालत असतील, तर पकड तपासावी. मनगट सैल असेल तर धक्क्याबरोबर संपूर्ण पिस्तूलच मागे सरकते आणि बोल्टची चाल तोकडी पडते. कधी अंगठा बोल्टला घासत असतो. हातासाठी घडवलेली लाकडी मूठ बदलल्यानंतर हा दोष विशेषकरून दिसतो.

या साऱ्यातून पार पडल्यावरच पिस्तुलाच्या भागांकडे वळावे. थकलेली परतीची स्प्रिंग, झिजलेली आकडी आणि चेंबरच्या काठावर उठलेला खवला हे तीन दोष नेहमीचे. खवला पुष्कळदा रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याच्या सरावातून उद्भवतो. आघात कडेवर व्हायचा असल्याने काडतूस नसताना पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. म्हणून कोरड्या सरावासाठी पिस्तुलातील खास सोय किंवा प्लास्टिकचे नकली काडतूस वापरावे आणि उत्पादकाची सूचना वाचावी. खवला किंवा पट्ट्या घरी कानस घेऊन नीट करण्याच्या फंदात पडू नये. घासून गेलेला धातू परत येत नाही, आणि भारतात शस्त्रदुरुस्तीचा व्यवसाय शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय करता येत नाही. हे काम परवानाधारक कारागिराकडेच सोपवावे.

ऐन स्पर्धेत

आंतरराष्ट्रीय नियमांत बिघाडाचे ग्राह्य आणि अग्राह्य असे दोन प्रकार आहेत. बिघाड झाल्यास नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने रोखून, पकड न सोडता, मोकळा हात वर करून पंचांना कळवायचे असते. पंच येण्यापूर्वी त्याने स्वतःच बोल्टला हात लावला, तर खरा बिघाडही अग्राह्य ठरतो आणि न झाडलेल्या गोळ्यांना शून्य गुण मिळतात. मॅगझिन भरलेच नसेल किंवा सुरक्षा-कळ लावलेलीच राहिली असेल, तरीही सवलत नाही. सरावात अडकलेले काडतूस झटक्यासरशी काढून पुढे जाण्याची सवय ज्यांना असते, त्यांचा हात स्पर्धेतही आपोआप बोल्टकडे जातो. म्हणून हात वर करण्याचा सरावही करावा लागतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या १० मीटर एअर पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. ते शस्त्र वेगळ्या जातीचे होते. परंतु सर्वोत्तम तयारीच्या नेमबाजावरही असा प्रसंग येतो, हे त्यातून सर्वांनी पाहिले.

या साऱ्यावरचा उपाय एका साध्या वहीत सामावतो. तारीख, मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाची खेप, शेवटच्या सफाईनंतर झाडलेल्या गोळ्या, कितवे काडतूस अडले आणि ते कोणत्या स्थितीत होते, एवढेच लिहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान पन्नास गोळ्या झाडून निकाल पाहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर पिस्तूल चालू लागेल, पण ते कशामुळे चालले हे कळणार नाही. आणि न कळलेला बिघाड पुढच्या स्पर्धेत, नेमक्या त्या चार सेकंदांत, पुन्हा उभा राहील.