अधिकाराविना केलेला तह

फितूर हा शब्द उच्चारायला फार सोपा आणि सिद्ध करायला फार अवघड. कामगार चळवळीत हयात घालवलेल्या आमच्यासारख्यांच्या कानांवर तो इतक्या वेळा आदळला आहे, की कोणी कोणाला फितूर म्हटले की आम्ही प्रथम विचारतो : म्हणणारा कोण, आणि त्याचे बिघडले काय? हाच प्रश्न आज आपण सातशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज सरदाराविषयी विचारू. त्याचे नाव सर अँड्र्यू हार्कले. ३ मार्च १३२३ रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले.

हार्कले हा काही मोठ्या घराण्यातला नव्हे. इंग्लंडच्या वायव्येस, स्कॉटलंडच्या सरहद्दीकडे वेस्टमोरलंड नावाचा परगणा होता. तेथील हार्टली गावचे हे घराणे. बाप मायकेल हा शेजारच्या कंबरलंडचा शेरीफ, म्हणजे राजाच्या वतीने परगण्याचा कारभार पाहणारा अंमलदार. १३११ साली तेच काम मुलाकडे आले. काळ मात्र वाईट होता. १३१४ साली बॅनकबर्नच्या लढाईत स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसने इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डचा सपशेल पराभव केला, आणि उत्तर इंग्लंड उघडे पडले. स्कॉट स्वार यायचे, उभी पिके जाळायचे, गुरे हाकून न्यायचे. खंडणी भरली तर काही महिने श्वास घ्यायला सवड. त्यातच १३१५ पासून अतिवृष्टीने पिके कुजली आणि मोठा दुष्काळ पडला. राजा दक्षिणेत आपल्या सरदारांशी भांडण्यात गुंतलेला. कर द्यायचा राजाला आणि खंडणी द्यायची शत्रूला, अशी तेथल्या शेतकऱ्याची दुहेरी पिळवणूक चालू होती.

जुलै १३१५ मध्ये ब्रूसने कार्लाइल शहराला वेढा घातला. शहराचा बचाव हार्कलेकडे होता. स्कॉटांनी तटापेक्षा उंच असा लाकडी बुरूज बांधला. पण पावसाने भूमी इतकी भिजलेली, की तो अवजड सांगाडा चिखलात रुतला आणि तटापर्यंत पोचलाच नाही. सुमारे दहा दिवसांनी वेढा उठला. पुढच्या वर्षी राजाने कार्लाइलला जी सनद दिली, तिच्या आरंभीच्या अक्षरात या वेढ्याचे चित्र रंगवलेले आहे. नंतर हार्कले स्कॉटांच्या हाती सापडला आणि दोन हजार मार्कांची खंडणी भरून सुटला. मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश भाग.

१६ मार्च १३२२ हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस. राजाचा चुलतभाऊ लँकेस्टरचा अर्ल थॉमस बंड करून उत्तरेकडे निघाला होता. बरोब्रिज येथे नदीवरचा पूल आणि उतार हार्कलेने अडवून धरला. घोडेस्वारांवर विसंबण्याऐवजी त्याने सरदारांना पायउतार केले, भालाईतांची दाट फळी उभी केली आणि बाजूला तिरंदाज ठेवले. ही भालाईतांची रीत तो शत्रूकडूनच, स्कॉटांकडून, शिकला होता. बंड मोडले. थॉमसचे मस्तक उडाले, आणि काही दिवसांतच हार्कले कार्लाइलचा अर्ल झाला.

या विजयाने फुगलेला राजा त्याच उन्हाळ्यात स्कॉटलंडवर चालून गेला. ब्रूसने वाटेतला मुलूख ओसाड करून ठेवला होता. इंग्रज फौज उपासमारीने आणि रोगराईने परत फिरली. ऑक्टोबरात ब्रूस थेट यॉर्कशरात उतरला, बायलंडजवळ त्याने इंग्रजांना धूळ चारली, आणि खुद्द राजाला सामानसुमान टाकून पळ काढावा लागला. मग हार्कलेने मनाशी हिशेब मांडला. ३ जानेवारी १३२३ रोजी तो लॉखमेबन येथे ब्रूसला भेटला व करार केला. स्कॉटलंड हे वेगळे राज्य, ब्रूस त्याचा राजा; बारा जणांनी, दोन्हीकडच्या सहा सहांनी, पुढील गोष्टी मिटवाव्यात; इंग्लंडच्या राजाने वर्षाच्या आत मान्यता दिली, तर ब्रूसने दहा वर्षांत चाळीस हजार मार्क द्यावेत आणि त्याच्या मुलाचे लग्न इंग्लिश राजघराण्यात व्हावे.

लॅनरकॉस्टचा मठ याच सरहद्दीवरचा. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत नमूद आहे, की गरीब माणसे आणि शेतकरी या तहाने आनंदले. आता तरी सुखाने जगता येईल असे त्यांना वाटले. पण तीच बखर हेही सांगते, की परगण्यातील प्रमुखांनी तहाला शपथ दिली ती मनापासून नव्हे, भीतीपोटी. या दोन गोष्टी एकत्रच वाचल्या पाहिजेत.

राजाने अटकेचा हुकूम काढला. २५ फेब्रुवारीस सर अँथनी लूसी मोजक्या माणसांनिशी, कपड्यांखाली हत्यारे लपवून कार्लाइलच्या किल्ल्यात शिरला. हार्कले निःशस्त्र, पत्रे लिहवून घेत बसला होता. आठवड्याभरात न्यायाधीश आले. खटला म्हणावा असे काही झालेच नाही : राजाने दोषी ठरवलेलेच होते, आरोपीला बाजू मांडू न देता शिक्षा वाचून दाखवण्यात आली. कमरेची तलवार काढली, टाचांचे काटे उतरवले, म्हणजे सरदारकी हिरावली. हॅराबीच्या टेकडीवर वध झाला. शिर लंडनला गेले, देहाचे चार भाग चार शहरांत टांगले गेले. आपण जे केले ते सद्‌हेतूने केले, असे तो मृत्यूसमयीही सांगत होता.

आता पुढचे ऐका. ३० मे १३२३ रोजी त्याच राजाने त्याच ब्रूसशी तेरा वर्षांचा युद्धविराम केला. १३२७ साली राजाच पदच्युत झाला. १३२८ साली इंग्लंडने स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मान्य केले, राजकन्या ब्रूसच्या मुलाला दिली आणि वीस हजार पौंड, म्हणजे तीस हजार मार्क, घेतले. हार्कलेने ठरवलेल्या रकमेपेक्षा दहा हजार मार्क कमी! त्या तहालाही इंग्लंडात नावे ठेवली गेली आणि पाच वर्षांत तो मोडलाही. त्याच साली हार्कलेची बहीण सारा हिला भावाचे अवशेष दफनासाठी मिळाले. माफी मात्र कधीच मिळाली नाही.

मग हार्कले फितूर होता काय? आमच्या मते नव्हे. फितूर स्वतःसाठी विकतो. याने आपल्या मुलखासाठी शांतता विकत घेऊ पाहिली. पण वाटाघाटीच्या मेजावर बसणारास आम्ही एक गोष्ट नेहमी बजावतो : ज्यांच्या वतीने बोलायचे, त्यांचा अधिकार घेऊन जा. हार्कलेने राजाची संमती आधी घेतली नाही, आणि रयतेची संमती घेतली ती धाकाने. म्हणूनच लूसी किल्ल्यात शिरला तेव्हा त्याच्यासाठी परगणा उठला नाही. ज्यांचे भले करायचे, ते बरोबर नसले तर शहाणपणाचा तहही एकट्याचा ठरतो, आणि एकट्याला फासावर चढवणे कोणत्याही राजाला कठीण नसते.