वरठी आणि ‘भंडारा रोड’ : एका स्थानकगावाचा दैनंदिन इतिहास

प्रस्तावना

राजधान्या, किल्ले आणि लढाया यांना इतिहासलेखनात जे स्थान लाभले, ते लहान गावांच्या रोजच्या जगण्याला क्वचितच लाभले. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील वरठी हे गाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. वरठीच्या रेल्वे स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’ असे आहे. प्रवासी उतरतो वरठीत, पण त्याच्या तिकिटावर नाव असते भंडाऱ्याचे. प्रस्तुत लेखात या गावाची जडणघडण आणि तिच्या अभ्यासाची साधने यांचा थोडक्यात विचार केला आहे.

रेल्वे आणि गाव

1880 च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज मार्ग नागपूरहून राजनांदगावपर्यंत सुरू झाला. छत्तीसगडचे धान्य पश्चिमेकडील बाजारपेठांत आणणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग ताब्यात घेऊन त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले आणि 1891 मध्ये तो आसनसोलपर्यंत नेला. हा मार्ग भंडारा शहरातून न जाता उत्तरेकडे सुमारे 10 किलोमीटरवरून गेला. मुख्य शहर स्थानकापासून दूर असल्यास शहराच्या नावापुढे ‘रोड’ जोडण्याचा रेल्वेचा प्रघात होता. त्यानुसार वरठीचे स्थानक ‘भंडारा रोड’ झाले, तर देव्हाडीचे ‘तुमसर रोड’. अशा रीतीने दोन्ही गावे नकाशावर शेजारच्या शहरांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

शहर आणि स्थानक यांमधील या अंतरानेच वरठीला नवे जीवन दिले. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले भंडारा, धानाची शेती आणि विडी उद्योग यांमुळे परिसरात मालाची व माणसांची सतत ये-जा होती. मोटारी येण्यापूर्वी स्थानक व शहर यांना बैलगाडी, दमणी आणि टांगा यांनीच जोडलेले होते. त्यामुळे गाडीवान, हमाल, चहावाले आणि रेल्वे कर्मचारी यांचा दिवस पंचांगापेक्षा गाड्यांच्या वेळापत्रकाने बांधला गेला. शेतीच्या हंगामावर चालणाऱ्या समाजात घड्याळाचा हा शिरकाव ही लहान घटना नव्हती.

औद्योगिक वळण

1960 च्या दशकात भंडाऱ्याजवळील जवाहरनगर येथे आयुध निर्माणी उभी राहिली. 1980 च्या दशकात खुद्द वरठीत सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आला. शेती व स्थानक यांवर अवलंबून असलेल्या गावात आता पाळ्यांमध्ये काम करणारा, मासिक वेतनावर जगणारा कामगारवर्ग वाढला. स्थानकाच्या वेळेसोबत कारखान्याचा भोंगाही गावाच्या दिनक्रमाचा भाग बनला. 2003 पासून या मार्गाचा कारभार बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे आहे. स्थानकाचे नाव मात्र तेच राहिले.

साधनांचा प्रश्न

रसेल यांनी संपादित केलेले 1908 चे भंडारा जिल्हा गॅझेटियर हे मौलिक साधन आहे. तथापि त्याची दृष्टी प्रशासनाची आहे. महसूल, जाती, पिके व दळणवळण यांची माहिती त्यातून मिळते. स्थानकाबाहेर टांगा उभा करणाऱ्या माणसाचे जगणे मिळत नाही. त्यासाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, बंदोबस्त मिसल, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, ग्रामपंचायतीचे ठराव व कर आकारणीच्या नोंदवह्या यांकडे वळावे लागते. जात पडताळणीच्या निमित्ताने यांतील काही कागद आजही शोधले जातात. परंतु हवा तो दाखला मिळाला की बस्ता पुन्हा बांधला जातो. इतिहासाचे साधन म्हणून तो क्वचितच उघडला जातो.

निष्कर्ष

वरठीचा इतिहास हा भंडाऱ्याच्या इतिहासाची तळटीप नव्हे. शहराला जगाशी जोडण्याचे काम ज्या गावाने केले, त्याच गावाचे नाव फलकावरून वगळले गेले, ही बाब स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी गांभीर्याने घेतली पाहिजे. जुने कागद जीर्ण होत आहेत आणि जुन्या दिवसांच्या आठवणी सांगणारी पिढी कमी होत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील दप्तरांची सूची आणि वृद्धांच्या मुलाखती करवून घेतल्यास हे काम अल्प खर्चात होऊ शकते. विलंब झाल्यास ‘भंडारा रोड’ हे नाव तेवढे उरेल आणि त्यामागचे वरठी विस्मरणात जाईल.