हिंगणघाटचा कापूस आणि अमेरिकेतली यादवी

मागच्या शुक्रवारी जेवताना आमच्या टेबलावर अमेरिकेतल्या यादवी युद्धावरून वाद झाला. (शुक्रवारी दुपारी आमची टीम कशावरूनही भांडू शकते.) एक जण म्हणाला, "गुलामगिरी वगैरे नंतर चिकटवलं रे. खरं भांडण राज्यांच्या हक्कांचं आणि जकातीचं." दुसरा म्हणाला, "कशावरून का असेना, आपल्याला काय त्याचं?" पहिल्याचं म्हणणं खोडणं सोपं आहे. दुसऱ्याचा प्रश्न मात्र डोक्यात राहिला, कारण मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्या घरी पऱ्हाटी होती.

आधी पहिल्याचं बघू. सिस्टिम का पडली ते शोधायचं तर त्या रात्रीचा लॉग वाचायचा, सहा महिन्यांनी कुणीतरी सावरून लिहिलेला रिपोर्ट नाही. इथला लॉग उपलब्ध आहे. लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला. आहे तिथली गुलामगिरी मोडू असं तो म्हणतही नव्हता. त्याचा पक्ष एवढंच म्हणत होता की पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत ती पसरू देणार नाही. तेवढ्यावर २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना फुटून निघालं आणि पाठोपाठ इतर राज्यं. यातल्या काहींनी आपण का फुटतोय त्याची कारणं लेखी जाहीर केली. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच आहे की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. साउथ कॅरोलिनाची तक्रार तर आणखी मजेशीर: उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत! म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच यांना राग. फुटीर राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये भर सभेत सांगितलं की काळ्यांची गुलामी हाच आमच्या नव्या राज्याचा पाया. युद्ध हरल्यावर त्याच गृहस्थाने जाडजूड पुस्तक लिहून राज्यांच्या हक्कांची गोष्ट मांडली. आपल्या मित्राने वाचलाय तो हा नंतरचा रिपोर्ट.

पण गुलामगिरीला एवढं कवटाळून बसायचं कारण काय? कापूस. अमेरिकेच्या आतल्या भागात जो कापूस पिकायचा त्याची सरकी सुटता सुटत नसे. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं आणि गणितच बदललं. सरकी काढणं सोपं झालं, पण लावणी, निंदण, वेचणी हातानेच. १७९० मध्ये तिथे सुमारे ७ लाख गुलाम होते, ते १८६० मध्ये जवळपास ४० लाख झाले. तोवर देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त किंमत एकट्या कापसाची होती आणि ब्रिटनच्या गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून येत होता. यंत्र आलं की माणसाचे कष्ट कमी होतात असं आपण आयटीवाले फार सहज बोलून जातो. असो.

याच्या विरोधात उभे राहिलेले लोक सुरुवातीला मूठभरच. विल्यम लॉइड गॅरिसनने १८३१ मध्ये 'लिबरेटर' हे पत्र काढलं. फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये गुलामीतून पळाला आणि सभांमधून स्वतःची कहाणी सांगू लागला. १८५९ मध्ये जॉन ब्राउन फासावर गेला. युद्ध पेटल्यावर तर सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या फौजेत लढले. गुलामी कुणीतरी दयाळूपणे काढून टाकली, ही समजूत तिथेच संपते.

आता आपल्याला काय त्याचं?

एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. लँकशायरच्या गिरण्या थंड पडल्या आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. तशी ती आधीपासूनच होती. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं, तेव्हा त्याच्या टिपणात इथल्या कापसाचा उल्लेख होताच. आता तर मागणीला धरबंद राहिला नाही. सुरती कापूस आखूड धाग्याचा म्हणून विलायतेत बदनाम. त्यात आमच्या वणा नदीकाठचा 'हिंगणघाट' मात्र बऱ्या प्रतीचा म्हणून स्वतःच्या नावाने विकला जायचा. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. कचेरी आधी पुलगावजवळ कवठ्याला होती, १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर! तेजीतला बराचसा माल बैलगाड्यांनीच गेला.

भाव चढला तसं कर्जही सहज मिळू लागलं, आणि मागणी वाढली की होतं तेच झालं: चांगल्या कापसात हलका माल मिसळायला लागला. हिंगणघाटचा जुना 'बणी' वाण पुढे भरपूर पिकणाऱ्या पण जाड्याभरड्या 'जडी'पुढे मागे पडला. १८६५ मध्ये अमेरिकेत शांतता झाली आणि इकडे भाव कोसळले. मुंबईत शेअरवाले बुडाले, ते सगळ्यांना माहीत असतं. कर्ज काढून बसलेल्या शेतकऱ्याचं नाव कुठल्या शेअरच्या यादीत नव्हतं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याची कारणं शोधताना सरकारी चौकशीलाही ही कापसाची तेजी-मंदी मोजावी लागली.

या सगळ्या हिशोबात एक माणूस कुठेच दिसत नाही: अमेरिकेतला गुलाम. मुंबईच्या व्यापाऱ्यासाठी ते युद्ध म्हणजे भाव, सरकारसाठी महसूल. त्याच्याकडे माणूस म्हणून पाहिलं पुण्यात बसलेल्या जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, त्यांनी काळ्यांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे जे केलं त्याबद्दल. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं, अशी इच्छाही तिथेच लिहिली. मला विचाराल तर 'निःस्वार्थ' जरा जास्तच उदार आहे. उत्तरेच्या गिरण्याही त्याच कापसावर चालत होत्या, आणि लिंकनला आधी देश एकसंध ठेवायचा होता. पण बाकीचे भाव बघत असताना फुल्यांनी युद्धाचं कारण अचूक ओळखलं, हे काही थोडकं नाही.

गोष्टीचं दुसरं टोक पुन्हा वर्ध्यातच येतं. १९३६ च्या अखेरीस बेंजामिन मेज नावाचे कृष्णवर्णीय प्राध्यापक गांधीजींना भेटायला इथे आले. हेच पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू झाले. जन्म साउथ कॅरोलिनाचा, आईवडील गुलामीत जन्मलेले, स्वतः लहानपणी कापूस वेचलेला. दीड तास बोलणं झालं. अहिंसेबद्दल त्यांनी विचारलंच, पण जातिव्यवस्थेविरुद्ध तुम्ही थेट युद्ध का पुकारलं नाही, हेही विचारलं. त्याच दौऱ्यात म्हैसूरकडे अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली: हे अमेरिकेतले अस्पृश्य. मेज आधी चमकले, त्यांना रागही आला. मग विचार केल्यावर त्यांना ते पटलं.

आज आमच्याकडे जी पऱ्हाटी दिसते ती जवळपास सगळी अमेरिकन जातीची, म्हणजे मेज यांच्या आईवडिलांच्या हातातली. वेचणी अजून हातानेच होते.