रुपयाची हुंडणावळ: १८३५ ते १९२७

कंपनी सरकारने १८३५ साली आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. सुरती, अर्काटी, फरुखाबादी अशा नाना रुपयांच्या बट्ट्यावर जगणाऱ्या सराफांचा धंदा त्यामुळे हळूहळू बसला. टांकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी न्यावी, घडणावळ भरावी आणि रुपये पाडून घ्यावेत. साहजिकच रुपयाचा भाव चांदीच्या भावाशी बांधलेला राहिला, आणि १८७०च्या सुमारास लंडनच्या बाजारात तो २ शिलिंगांच्या आसपास होता.

पुढे चांदीच घसरली. जर्मनीने सुवर्णचलन स्वीकारून आपली चांदी विकायला काढली, फ्रान्स व त्याच्या सहकारी देशांनी चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले आणि अमेरिकेतील नव्या खाणींतून चांदीचा पूर सुरू झाला. १८९२-९३ साली रुपयाला जेमतेम १५ पेन्स मिळत होते. हिंदुस्थान सरकारचा महसूल रुपयांत येई. कर्जाचे व्याज, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च हे ‘होम चार्जेस’ मात्र पौंडांत भरावे लागत. तेवढ्याच पौंडांसाठी दरवर्षी जास्त रुपये मोजावे लागत, म्हणजे रयतेकडून जास्त कर घ्यावा लागे. मुंबईच्या गिरणीमालकांना मात्र ही घसरण सोयीची होती, कारण त्यांचे सूत चीनमध्ये खपत होते आणि चीनही चांदीवरच चालत होता.

हर्शेल समितीच्या सल्ल्याने २६ जून १८९३ रोजी टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. रुपयांची टंचाई करून भाव १ शिलिंग ४ पेन्सपर्यंत चढवायचा, असा बेत होता. आरंभी तो फसल्यासारखाच दिसला, कारण १८९४-९५ मध्ये भाव १३ पेन्सच्या आसपास आला. पण १८९८पर्यंत दर ठरल्या जागी पोहोचला आणि फाउलर समितीच्या शिफारशीनंतर १८९९ साली १५ रुपयांना एक सॉव्हरिन (एका पौंडाचे सोन्याचे नाणे) हे प्रमाण कायद्यात आले. या चढाईचा बोजा कोणावर पडला, हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२च्या अर्थसंकल्पावरील भाषणात दाखवून दिले. कर बसवले होते ते रुपया स्वस्त असताना. रुपया महागल्यावरही ते तसेच ठेवले गेले. सरकारी शिल्लक फुगली ती मुख्यतः यामुळे, देशाच्या भरभराटीमुळे नव्हे.

फाउलर समितीला हिंदुस्थानात सोन्याची नाणी चालायला हवी होती. प्रत्यक्षात वेगळीच व्यवस्था उभी राहिली. देशात चांदीचा रुपया व नोटा, आणि परदेशी देण्याघेण्यासाठी लंडनमध्ये राखलेली गंगाजळी. भारतमंत्री लंडनमध्ये कौन्सिल हुंड्या (हिंदुस्थानात रुपयांत वटणाऱ्या) विकून रुपया फार चढू देत नसे. तो पडू लागला की हिंदुस्थानात उलट्या हुंड्या (लंडनमध्ये पौंडांत वटणाऱ्या) विकून सावरला जाई. १९०७-०८च्या अडचणीत ही युक्ती कसोटीला उतरली. इंडिया ऑफिसात नोकरी केलेल्या जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३च्या पुस्तकात तिची तरफदारी केली. सोने नाण्यांत अडकवण्याची गरज नाही, परदेशी देणी भागण्यापुरते ते हाताशी असले की पुरे, हा त्यांचा मुद्दा.

पहिल्या महायुद्धाने हे गणित उलटे केले. चांदी इतकी महागली की रुपया वितळवणे फायद्याचे ठरू लागले. १९१८च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपल्या साठ्यातली चांदी हिंदुस्थानला विकली, तेव्हा नोटांवरचा विश्वास टिकला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने २ शिलिंगांचा दर सुचवला. मुंबईचे दादीबा दलाल यांनी एकट्याने विरोधी टिपण लिहून १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला. सरकारने त्यांचे ऐकले नाही. १९२०मध्ये उलट्या हुंड्या विकून चढा दर टिकवण्याचा खर्चिक खटाटोप झाला आणि सप्टेंबरात तो सोडून द्यावा लागला.

या पार्श्वभूमीवर भीमराव आंबेडकर यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ साली तो लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तावना अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅनन यांची होती, आणि तीत त्यांनी काही मतभेद उघड नोंदवले होते. आंबेडकरांचे म्हणणे असे की हुंडणावळीचा दर हे लक्षण आहे; मूळ गोष्ट रुपयाची देशातली क्रयशक्ती. ती पडली की दर पडतो. १८९३मध्ये लोकांसाठी टांकसाळ बंद झाली खरी, पण हवे तेव्हा रुपये पाडण्याची मुभा सरकारच्या हाती राहिली. विनिमयाची हमी देऊन या मुभेला आवर बसत नाही, म्हणून केन्स यांना जी लवचिकता वाटली ती आंबेडकरांना धोका वाटली. रुपये पाडणे सरकारलाही कायमचे बंद करावे, त्यांची संख्या गोठवावी आणि सोन्याची नाणी पाडावीत, हा त्यांचा उपाय होता. तो कठोर होता, आणि तेजी-मंदीत चलन कमीजास्त करण्याची गरज त्यात फारशी धरलेली नाही. सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर चलन सोडू नये, हा मुद्दा मात्र त्यातून अधिक ठळक होतो.

१९२५च्या डिसेंबरात हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना ते दराच्या वादाकडे वळले. स्वस्त रुपया व्यापाऱ्यांच्या फायद्याचा, पण त्याने महागाई वाढते आणि पगार-मजुरीवर जगणारा भरडला जातो, अशी त्यांची मांडणी होती. दर १ शिलिंग ४ पेन्स व १ शिलिंग ६ पेन्स यांच्या दरम्यान, पण शक्यतो १ शिलिंग ६ पेन्सच्या जवळ असावा, असे त्यांनी सांगितले. मुंबईचे बहुतेक व्यापारी पुढारी दुसऱ्या बाजूला होते. आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी १ शिलिंग ४ पेन्ससाठी भिन्नमतपत्रिका जोडली. बहुमत १ शिलिंग ६ पेन्सच्या बाजूने पडले, आणि १९२७च्या चलन कायद्याने तोच दर ठरला.

सप्टेंबर १९३१मध्ये इंग्लंडने सोने सोडले, तेव्हा रुपया त्याच दराने स्टर्लिंगला बांधला गेला. १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झालेल्या रिझर्व्ह बँकेकडे तो सांभाळण्याचे काम आले. १९४९मध्ये पौंडाबरोबर रुपयाही डॉलरच्या तुलनेत उतरला, पण पौंडाशी असलेले त्याचे प्रमाण ६ जून १९६६च्या अवमूल्यनापर्यंत तेच राहिले.