थुरिया, बयानत आणि एक घाईचा निष्कर्ष

शिडाच्या बोटींची हौस असलेल्या मंडळींत अलीकडे एक मत पक्कं बसलं आहे. कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत ‘थुरिया’ घेऊन उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोटीची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीचे मणकेही मोडले, आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढे २०२२-२३ मध्ये तेच टॉमी त्याच शर्यतीत ‘बयानत’ घेऊन गेले आणि दुसरे आले. थुरिया म्हणजे पहिली गोल्डन ग्लोब जिंकलेल्या ‘सुहैली’ची गोव्यात बांधलेली प्रतिकृती. बयानत म्हणजे रस्लर ३६, फायबरग्लासची इंग्लिश बोट. खलाशी एक, शर्यत एक, बोटी दोन. म्हणून लांबच्या सफरीसाठी मध्यम आकाराची बोट घ्यायची असेल तर डोळे मिटून रस्लर घ्यावी, असा हा पूर्वपक्ष.

समुद्रापासून इतक्या दूर, पाचोऱ्यात बसून यात तोंड घालणाऱ्याला कोणी हसेल. पण हा वाद पाण्याचा कमी आणि अनुमानाचा जास्त आहे, आणि अनुमानाला किनारा लागत नाही.

पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा आधी मांडतो, कारण तो लपवून खंडन करण्यात अर्थ नाही. २०१८ च्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक रस्लर ३६ बोटींचे होते: झाँ-लुक व्हान डेन हीड, मार्क स्लाट्स आणि उकू रांडमा. त्याहून मोठी गोष्ट अशी, की ज्या वादळाने थुरियाची डोलकाठी नेली त्याच वादळात स्लाट्सची रस्लर दोनदा आडवी झाली, तरी तिची काठी टिकली. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिनची बिस्के ३६ ही बोटसुद्धा काठी गमावून बसली. वादळ एक, त्यात सापडलेल्या बोटी तीन, आणि काठी शाबूत राहिली ती रस्लरची. वकिलाला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही.

पण हाच साक्षीदार उलटतपासणीत डळमळतो. त्याच वर्षी ५ डिसेंबरला सुझी गुडॉलची रस्लर ३६ दक्षिण पॅसिफिकमध्ये उलटली आणि डोलकाठी गमावून बसली. तिला एका मालवाहू जहाजाने वाचवलं. विजेत्या व्हान डेन हीडच्या रस्लरच्या काठीलाही वाटेत इजा झाली आणि ती समुद्रातच दुरुस्त करत तो घरी पोचला. म्हणजे एकाच मॉडेलची एक बोट धडधाकट, एक जखमी, एक मोडलेली. शिवाय व्हान डेन हीडने शर्यतीआधी आपल्या बोटीची काठी दीड मीटरने आखूड करून घेतली होती. जिंकली ती माहितीपत्रकातली रस्लर नव्हेच. एका मुरलेल्या म्हाताऱ्याने हात फिरवलेली बोट होती ती. बयानतही टॉमींनी शर्यतीसाठी मुद्दाम बांधून-सावरून घेतली होती.

आकड्यांचंही तेच. सुहैलीच्या नमुन्याची लांबी बत्तीस फूट, रस्लरची पस्तीसच्या वर, असं सांगून काही जण मोकळे होतात. पण अशा जड बोटीचा कमाल वेग ठरतो तो पाण्याला टेकलेल्या लांबीवर, आणि ती दोघींची सत्तावीस-अठ्ठावीस फुटांच्या आसपास आहे. कागदावरचे ते तीन फूट मुख्यतः पुढच्या-मागच्या टोकांच्या झुकावात असतात.

‘गोव्यात बांधली म्हणून मोडली’ ही कुजबुज मात्र मला चीड आणते. थुरिया ज्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये, रत्नाकर दांडेकरांच्या देखरेखीखाली बांधली गेली, तिथूनच ‘म्हादेई’ निघाली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, आणि २०१२-१३ मध्ये याच टॉमींनी ती कुठेही न थांबता पुरी केली. तिची बहीण ‘तारिणी’ दोनदा जगाला वळसा घालून आली, दोन्ही वेळा नौदलातल्या स्त्रिया सुकाणूवर होत्या. मूळ सुहैलीसुद्धा मुंबईतल्या सुतारांनी कुलाब्यात सागवानात घडवली. तिची निवडही तुलनेतून झाली नव्हती: तिचा खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनला हवा होता तो बोटीचा आराखडा आलाच नाही, पोस्टाने दुसराच आला, आणि वेळ नव्हता म्हणून त्यावरच काम सुरू झालं. १९६८-६९ च्या मूळ शर्यतीत नऊ जण निघाले होते. प्रदक्षिणा पुरी करून परतली ती एकटी सुहैली.

पूर्वपक्षाला शेवटचं उत्तर मी रस्लरने नव्हे, तापियो लेह्टिनेनच्या ‘आस्टेरिया’ने देईन. ही गाया ३६ जातीची बोट. २०१८ च्या शर्यतीत तिने प्रदक्षिणा पुरी केली, पाचवी आली. तळाला चिकटलेल्या कवचधारी जिवांनी वेग खाल्ला, एवढंच. २०२२ च्या शर्यतीत तीच बोट, तोच खलाशी. १८ नोव्हेंबरला मागच्या बाजूने पाणी शिरलं आणि काही मिनिटांत बोट बुडाली. कर्स्टन नॉयशेफरने वाट सोडून त्याला तराफ्यावरून उचललं आणि पुढे शर्यतही जिंकली, केप जॉर्ज ३६ मधून. एकाच माणसाच्या एकाच बोटीचे निकाल इतके वेगळे येत असतील, तर टॉमींच्या दोन शर्यतींवरून दोन मॉडेलांचा न्याय कसा करायचा?

आमच्या तालुक्यातल्या वरखेडीच्या गुरांच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी खिल्लार आहे एवढ्यावर पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. बोट घेणाऱ्यानेही समोरची बोट बघावी, तिच्या नावाला भुलू नये. डोलकाठीला धरून ठेवणारे तारेचे दोर किती वर्षांचे आहेत. ते डेकला जिथे जखडले आहेत तिथे गंज आहे का. बोट पाण्याबाहेर काढली की फायबरग्लासवर फोड दिसतात का. सुकाणूत खेळ किती. इंजिन थंड असताना एका झटक्यात चालू होतं का. खोट विकणाऱ्याने सांगायची वाट न बघता आपल्या पैशाने स्वतंत्र तपासनीस न्यावा. मग चांगल्या वाऱ्यात एक फेरी मारावी, आणि नंतर वाईट वाऱ्यात एक. हे सगळं करून दोन बोटी बरोबरीत आल्या, तर खुशाल रस्लर घ्यावी. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.