जर : एक धागा आणि एक शब्द

सिंदेवाही-आरमोरीच्या पट्ट्यात ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसण्याचा व्यवसाय ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. या कोशाच्या धाग्याची दोन टोके विद्युत्-रोध मोजणाऱ्या मीटरला जोडली, तर काटा जागचा हलत नाही. त्याच घरातील पेटीत ठेवलेल्या जुन्या लुगड्याच्या काठातील खऱ्या जरीला तीच टोके लावली, तर काटा तत्काळ वळतो. हा भेद वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु वस्त्रांपासून मऊ संवेदक करण्याच्या आजच्या विद्येचा सारा पाया त्यात आहे.

या भेदाचा शास्त्रीय शोध १७२९ सालचा. इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे याने तागाच्या दोरीवरून विद्युत् दूर नेली, तेव्हा ती दोरी त्याने रेशमाच्या धाग्यांनी टांगली होती. रेशीम तुटले म्हणून त्याच्या जागी पितळेची तार लावताच प्रयोग फसला. विद्युत् तारेवाटे निघून गेली. वाहक आणि अवाहक हे वर्गीकरण येथून सुरू होते. नवल असे, की हे दोन्ही पदार्थ आपल्या कारागिरांनी तत्पूर्वीच एका धाग्यात आणून ठेवले होते. चांदीची तार क्रमाक्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून बारीक करावयाची, ठोकून चपटी करावयाची आणि रेशमाच्या धाग्याभोवती गुंडाळावयाची, ही कलाबतूची रीत. पैठण-येवल्याच्या पैठणीत ती जर विणली गेली.

१९९७ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रेहमी पोस्ट व मॅगी ऑर्थ यांनी विद्युत्-वस्त्रांविषयीचा आपला निबंध मांडला. त्यांनी वापरलेल्या एका रेशमी कापडात उभा धागा साध्या रेशमाचा होता व आडव्या धाग्याभोवती तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली होती. आडव्या दिशेने कापड विद्युत् वाही. उभ्या दिशेने वाहत नसे. कलाबतूची घडण जाणणाऱ्यास ही रचना अपरिचित वाटणार नाही.

तथापि येथे सावधगिरी बाळगावयास हवी. ‘आमच्याकडे हे सर्व होतेच’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. आपल्याकडे द्रव्य होते. त्याला विचारावयाचा प्रश्न नव्हता. विणकराने जर विणली ती झळाळीसाठी. ती विद्युत् वाहते हा तिचा गुण शतकानुशतके वस्त्रात असूनही अज्ञात राहिला.

आज तो प्रश्न घरबसल्या विचारता येतो. वाहक कापडाचे तळहाताएवढे दोन तुकडे घ्यावेत. त्यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक सुटे भाग ज्यात खोचून पाठवितात तो काळा, कार्बनयुक्त स्पंज ठेवावा. वाहक तुकडे स्पंजापेक्षा किंचित लहान असावेत, म्हणजे त्यांच्या कडा परस्परांस भिडत नाहीत. भोवती सुती कापड घालून साध्या दोऱ्याने शिवावे आणि प्रत्येक तुकड्यापासून एकेक जरीचा धागा बाहेर काढावा. मीटर जोडून तळहाताने दाबले, की रोध उतरतो. हात उचलताच तो पुन्हा चढतो. दाबामुळे कार्बनाचे कण जवळ येतात व स्पर्शबिंदू वाढतात, हे त्याचे कारण. मीटरच्या आतील सेल यास पुरेसा आहे. घरातील विजेशी याचा संबंध येऊ देऊ नये.

या प्रयोगात बाजारातील नवी ‘जर’ मात्र बहुधा दगा देते. ती पॉलिएस्टरच्या पट्टीवर धातूचा अतिसूक्ष्म थर व वर रोगण अशी असते. काटा ढिम्म राहतो. येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. ‘जर’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ सोने. पुढे तो सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीस लागला, मग तांब्यास, आणि आता प्लास्टिकास. ज्याला आपण अर्थविस्तार म्हणतो त्याच्या प्रत्येक पायरीवर झळाळी टिकली, द्रव्य बदलले. शब्द साक्ष देतो ती दिसण्याची, असण्याची नव्हे. मीटरची साक्षही अपुरीच. ते धातू आणि प्लास्टिक वेगळे करील, चांदी आणि तांबे नव्हे.

म्हणून शब्दसंग्रह आणि वस्तुसंग्रह यांस एकमेकांवाचून गत्यंतर नाही. दुर्दैवाने जुनी जरीची वस्त्रे चांदीसाठी विकत घेऊन जाळली जातात. भट्टीतून चांदी परत मिळते. तार किती बारीक होती, वेटोळे किती घट्ट होते, आतील रेशीम कोणते होते, हे मिळत नाही. शब्द कोशात राहील. पण त्याने एके काळी काय दर्शविले, हे सांगणारा पुरावा राखेत जाईल. क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने वहीबरोबर एक भिंग आणि एक मीटरही न्यावे, आणि पेटीतले लुगडे कोणी काढून दाखविले तर प्रथम त्याची नोंद करावी.