मांडीवरचे कुत्रे आणि त्याच्या पोटाचे दुखणे

युरोपच्या वैद्यकीय लेखनात छोटे कुत्रे दीर्घकाळ रोगी म्हणून नव्हे, तर औषध म्हणून वावरत आले. इसवी सन 79 मध्ये निधन पावलेल्या प्लिनी या रोमन ग्रंथकाराने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथात असे नोंदवले आहे की, मेलिटा नावाने ओळखली जाणारी कुत्र्याची पिले वारंवार पोटाशी धरल्यास माणसाची पोटदुखी शमते आणि ते दुखणे पिलात उतरल्याचे त्याच्या आजारपणावरून, पुष्कळदा मृत्यूवरून, कळते. ही समजूत दीड हजार वर्षे टिकली. इंग्लंडच्या राजघराण्याचे वैद्य जॉन कीज यांनी ब्रिटिश कुत्र्यांवर लिहिलेल्या आणि 1570 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅटिन पुस्तिकेतही उच्चकुलीन स्त्रियांच्या कुशीतल्या इवल्या कुत्र्यांना हाच गुण चिकटवलेला आहे. पिलू आजारी पडणे हाच उपचार लागू पडल्याचा पुरावा मानला गेल्यामुळे ते मुळात कशाने आजारी पडले, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटली नाही, आणि या मुक्या जिवांवरचा हा फार मोठा अन्याय होता.

लियाँ येथे 1761 मध्ये आणि लंडन येथे 1791 मध्ये पशुवैद्यकाच्या शाळा स्थापन झाल्या, तरी सैन्य व वाहतूक ज्यांच्यावर अवलंबून होती त्या घोड्यांकडेच त्यांचे मुख्य लक्ष राहिले. कुत्र्याच्या रोगांचा स्वतंत्र विचार लंडनमध्ये डेलाबेअर ब्लेन यांच्या 1817 च्या ग्रंथाने आणि पुढे त्यांचे सहकारी विल्यम युएट यांच्या 1845 च्या ग्रंथाने रुजवला.

उपचारांत मात्र जुलाबाच्या औषधांवरच भर राहिला. फीतकृमी, म्हणजे आतड्याच्या भिंतीला डोक्याने चिकटून राहणारा, फितीसारखा लांब आणि अनेक खंडांचा जंत, पाडण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज पशुवैद्य आपल्या ओळखीची सुपारी वापरत. ती ताजी किसून, उपाशीपोटी, कुत्र्याच्या दर पौंड वजनामागे दोन ग्रेन, म्हणजे सुमारे 130 मिलिग्रॅम, या प्रमाणात देण्याची रीत होती. सुपारीतील अरेकोलीन हे द्रव्य जंताला लुळे पाडते आणि आतड्याची हालचाल वाढवून त्याला बाहेर ढकलते, परंतु त्याच द्रव्याने उलट्या होतात व हृदयाची गती मंदावते, त्यामुळे चार-पाच पौंडांच्या कुत्र्याला मात्रेतील थोडीशी चूकही जड जाई.

जंत पडत, पण काही आठवड्यांनी पुन्हा दिसत. याचे कारण पोटात नव्हते, कातडीवर होते. रूडोल्फ लॉयकार्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे शिष्य मेल्निकोव्ह यांना 1869 मध्ये कुत्र्याच्या अंगावरील उवेत या जंताची बाल्यावस्था सापडली. पुढे इटलीत ग्रासी व कालांद्रुचो यांनी ती पिसवेतही दाखवली. अंग खाजते म्हणून कुत्रे दातांनी केस विंचरते, त्यात पिसू गिळली जाते आणि तिच्यातला जंत आतड्यात वाढीस लागतो. तोपर्यंत वेगवेगळी मानली गेलेली अस्वच्छतेची व पोटाची पीडा प्रत्यक्षात एकाच साखळीतील निघाली. या विषयाच्या इतिहासात याहून महत्त्वाचा शोध क्वचितच असेल.

कुत्रे बूड जमिनीवर घासत पुढे सरकू लागले की दोष सरसकट जंतांना देण्याची सवयही जुनीच आहे. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना उग्र वासाचा स्राव साठवणाऱ्या दोन लहान पिशव्या असतात आणि घट्ट मल बाहेर पडताना त्यांवर दाब येऊन त्या रिकाम्या होतात. मल वारंवार पातळ होत राहिला तर स्राव साचतो, दाटतो, खाज सुटते आणि प्रसंगी गळू होते. लहान जातींमध्ये हा त्रास अधिक आढळतो. म्हणजे येथे साखळी उलट्या दिशेने चालते आणि पोटाच्या बिघाडातून बाहेरची पीडा उद्भवते. पोटाचा प्रश्न आला की आहाराचाही येतो. लंडनमध्ये 1860 च्या सुमारास जेम्स स्प्रॅट या अमेरिकी व्यावसायिकाने गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि मांस यांची कुत्र्यांसाठीची बिस्किटे विकायला काढली. तिथून कुत्र्याचा आहार हा ताटातल्या उष्ट्यापासून वेगळा, स्वतंत्र विचाराचा विषय होऊ लागला.

1970 च्या दशकात प्राझिक्वांटेल हे औषध आल्यावर फीतकृमीसाठी सुपारीचे काम उरले नाही. तरीही ते औषध पिसवांना मारत नाही, म्हणून जंताच्या गोळीबरोबरच कुत्र्याचे अंथरूण गरम पाण्याने धुण्याचा आणि अंगावरील पिसवांवर उपाय करण्याचा सल्ला पशुवैद्य आजही देतात.